बाळाची माहिती इतर रुग्णालयांबरोबर वाटून घ्यायला सही करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ ३१ व्या आठवड्यात झालं, वजन १६२० ग्रॅम, इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आज अठरावा दिवस. हातात एक फॉर्म दिलाय. बाळाची माहिती, नाव वगळून, बऱ्याच रुग्णालयांच्या एकत्र नोंदणीत जाईल असं त्यात लिहिलंय. नवरा म्हणतो सही करू नकोस, सासूबाई म्हणतात डॉक्टरांना नाराज करू नकोस.

आधी माझाच एक प्रश्न. बाळाच्या डोळ्यांची तपासणी ठरली आहे का? आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या या पडद्याला जो आजार होतो, त्याला आरओपी म्हणतात, त्याच्यासाठी ही तपासणी. तुमच्याकडे बारा दिवस उरलेत. उद्याच्या राऊंडला तारीख विचारा, फॉर्म कुठे पळून जात नाही. मी विषय सोडलेला नाही हं, ही तपासणी आणि तो फॉर्म एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत.

मी इथल्याच एका रुग्णालयाच्या नवजात विभागात बावीस वर्षं सिस्टर होते. शेवटची पाच वर्षं पाय साथ देईनात म्हणून मला टेबलावर बसवलं, आणि हेच काम दिलं: आयांकडून फॉर्म भरून घ्यायचे, आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. माझं मत विचाराल तर सही करा. पण फॉर्म घरी नेऊन, वाचून, आणि चार गोष्टी तोंडावर विचारून.

१९४० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात अपुऱ्या दिवसांची बाळं वाचायला लागली आणि आंधळी व्हायला लागली. हाच तो आरओपी. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. कोणी उजेडाला दोष दिला, कोणी जीवनसत्त्वांना, कोणी लोहाला. एका रुग्णालयात वर्षाला अशी मोजकी बाळं, त्यांच्यावरून काय कळणार? १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी वेगवेगळ्या ठिकाणची बाळं शेजारी-शेजारी मांडून पाहिली. जिथे ऑक्सिजन सढळ हाताने देत होते, तिथे अंधत्व जास्त. मग १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून ७८६ बाळांवर हे तपासलं आणि वर्षभरात प्रश्न निकालात निघाला. ऑक्सिजन कमी झाला, अंधत्व झपाट्याने उतरलं.

पण त्या कामात एक भोक होतं. बाळ ४८ तासांचं झाल्यावरच त्याची नोंद घ्यायची, असं ठरलं होतं. पहिल्या दोन दिवसांत गेलेली बाळं मोजलीच गेली नाहीत. पुढे सगळीकडे ऑक्सिजनला हात आखडता घेतला गेला आणि पहिल्या दिवसांतच जास्त बाळं दगावू लागली. १९७३ साली ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी हिशोब मांडला: एका मुलाची दृष्टी वाचवताना अंदाजे १६ बाळांचा जीव गेला. आज तुमच्या बाळाच्या पायाला जी लाल दिव्याची पट्टी बांधलीय आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवायला सिस्टर धडपडतात, त्यामागे एवढं सगळं आहे.

आणि आपलं काय? अमेरिकेत ३० आठवड्यांपर्यंतच्या किंवा १५०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांचे डोळे तपासतात, त्यावरच्यांचे फक्त तब्येत फार खालीवर झाली असेल तर. तुमचं बाळ ३१ आठवड्यांचं, १६२० ग्रॅमचं. तिथल्या रेषेच्या अगदी बाहेर उभं आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपल्या मुलांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा दिसलं की इथे त्याहून मोठ्या, जास्त वजनाच्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणून आपली रेष ३४ आणि २००० वर आली. दुसऱ्यांच्या देशातल्या बाळांवरून बेतलेली झबली आपल्या बाळांना बसतीलच असं नाही.

आता आमच्या विभागातली गोष्ट. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही.

आम्ही इतर काही रुग्णालयांबरोबर आकडे ताडून बघायला लागलो तेव्हा त्यात एक रकाना होता, दाखल होतानाचं तापमान. बाकीच्यांचे आकडे ३५.८, ३६.१, ३४.९ असे विखुरलेले. आमचे? ३६.५, ३६.५, ३६.६, ३६.५. आमच्या डॉक्टरसाहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडे बाळं येतात की साच्यातून काढलेल्या इडल्या?"

कोणी मुद्दाम खोटं लिहीत नव्हतं. बाळ आलं की एकीने वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यावर, घ्यायचं, दुसरीने सॅच्युरेशनची पट्टी लावायची, तिसरी शीर शोधतेय. अंग थंड आहे का ते हाताच्या पाठीने बघायचं, आणि थर्मामीटर अर्ध्या तासाने. अर्धा तास वॉर्मरखाली ठेवलेलं बाळ ३६.५ असणारच की. शिवाय आमचा थर्मामीटर साधा, त्याच्यावर ३५ च्या खाली आकडेच नव्हते. गार पडलेलं बाळ मोजायची सोयच नव्हती, मग गार बाळ कागदावर येणार कुठून?

मग कमी तापमान मोजणारा थर्मामीटर मागवला. नियम केला: वॉर्मरवर ठेवायच्या आधी काखेत मोजायचं आणि शेजारी वेळ लिहायची. पहिल्या महिन्याचे खरे आकडे बघून मला तरी लाज वाटली. झाबुआ, बडवानीहून जानेवारीच्या रात्री ॲम्ब्युलन्सने आलेली बाळं गार असणार हे माहीतच होतं. धक्का बसला तो इनबॉर्न बाळांचा, म्हणजे आमच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये जन्मलेल्यांचा. सर्जनला गाउनमध्ये घाम येतो म्हणून तिथला एसी २० वर, बाळ पुसायला गार टॉवेल, आणि तिथून आमच्यापर्यंत एक लांब व्हरांडा व एक कायम तिसऱ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते प्रसूतीची खोली २५ अंशांची हवी.

एक-दोन अंशांनी काय होतं, असं आम्हालाही वाटायचं. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांच्या एकत्र नोंदींतून २००७ साली पुढे आलं की खूप कमी वजनाच्या बाळांत दाखल होतानाचं तापमान एका अंशाने कमी असलं तर मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी जास्त दिसतो. हा आकडा डॉक्टरसाहेबांनी थिएटरच्या दारावर चिकटवला. त्यानंतर भूलतज्ज्ञ मॅडमशी थोडी गोड भांडणं झाली, सिझेरियनच्या आधी एसी बंद व्हायला लागला, बाळ बाहेर येताच न पुसता मानेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि डोक्यावर टोपी. नवीन मशीन एकही आलं नाही. आमचं आम्हाला हे दिसलं नसतं, कारण आमच्या वहीत सगळं ठीकच होतं.

दुसरा रकाना मात्र अजून जिवाला लागून आहे. आमच्या मासिक तक्त्यात शेवटी चार खाने असत: डिस्चार्ज, रेफर, मृत्यू, लामा. लामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेलं. पैसे संपले, घरी मोठ्या मुलांना बघायला कोणी नाही, सोयाबीन कापायला आलंय, अशी कारणं. लामात गेलेलं बाळ आमच्या कागदावर कधीच मरत नाही. ज्या रुग्णालयात लामा जास्त, त्याचा मृत्यूदर दिसायला सुंदर. एकत्र नोंदणीच्या फॉर्ममध्ये २८ व्या दिवशी फोन करून बाळ कसं आहे ते विचारायची अट होती, म्हणून मी फोन करायला बसले. अलीराजपूरकडच्या एका वडिलांना लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी विचारलं, बच्चा कैसा है? ते म्हणाले, "बहनजी, वो तो बस में ही..." आणि मग थांबून त्यांनीच मला विचारलं, "कुछ कागज बाकी है क्या?"

तक्त्यात 'बसमध्ये' असा खाना नव्हता. मी पेनने समासात लिहिलं. नंतर लामाच्या कागदावर सही घ्यायच्या आधी पैशांची काही सोय होते का ते बघायला एका माणसाला बसवलं गेलं. प्रत्येक वेळी होत नाही.

असले आकडे रुग्णालयांना नको असतात, हेही सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया व्हायच्या. १९९१ ते १९९५ मध्ये तिथे वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असं २००१ च्या चौकशी अहवालात आलं. आकडे तिथे होते, लोकांच्या हातात होते. ते बघून थांबायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं. म्हणून जे रुग्णालय आपणहून आकडे दुसऱ्यासमोर ठेवतंय, त्याच्याबद्दल माझं मत जरा बरंच होतं.

तुमच्या नवऱ्याची शंका मात्र चुकीची नाही. 'नाव काढून टाकतो' यावर विसंबू नका. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी दाखवलं होतं की जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथल्या ८७ टक्के लोकांना ओळखता येऊ शकतं. आपल्याकडे तर एवढंही लागत नाही. आपल्या इंदूरच्या रामबागेत 'अमुक तारखेला सातव्या महिन्यात झालेला मुलगा' एवढं म्हणा, गणपतीच्या आरतीला जमलेल्या दहा बायका घर दाखवतील. म्हणून विचारा की जन्मतारखेऐवजी वय दिवसांत जाणार का, आणि पत्त्यातलं जिल्ह्यापलीकडे काही जाणार का. नाव आणि नोंदणी क्रमांक यांची जोडी लावणारी यादी कोणाच्या कपाटात राहणार? ती तुमच्याच रुग्णालयात राहायला हवी. माहिती कंपनीला दिली जाणार का, हे स्पष्ट विचारा. रक्ताचा नमुना ठेवून घेणार असतील किंवा जनुकांची तपासणी असेल तर त्याची सही वेगळी, या फॉर्मात गुंडाळलेली चालणार नाही.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी आई-वडिलांची संमती मागतो. संशोधन आणि आकडेवारीसाठी त्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या ठरावीक माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फॉर्म तुम्हाला कळेल अशा भाषेत हवा, एक प्रत तुम्हाला मिळायला हवी, संमती केव्हाही मागे घेता यायला हवी आणि त्याने उपचारांत काही फरक पडता कामा नये. इंग्रजी फॉर्म असेल तर हिंदीतला मागा. मराठीतला इंदूरात मिळाला तर मला जरूर कळवा, मी पेढे वाटीन.

"यात आमच्या बाळाला काय मिळणार?" असंही विचारलंय तुम्ही. या फॉर्मातून आज काहीच नाही. पण बाळाला छातीशी धरून बसायला सांगितलंय ना तुम्हाला, केएमसी, म्हणजे कांगारू मदर केअर, म्हणतात ते? आमच्या वेळी बाळ स्थिर होईपर्यंत आईला लांबच ठेवायचे. मग घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांनी मिळून, १ किलोपासून १७९९ ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मल्या-जन्मल्या आईच्या छातीशी देऊन बघितलं. २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. फरक एवढा स्पष्ट होता की नवीन बाळं घेणं ठरल्यापेक्षा आधीच थांबवलं. त्या बाळांच्या आयांनीही कुठल्यातरी कागदावर सही केली होती.

सासूबाईंना सांगा, डॉक्टर नाराज होत नाहीत. झालेच तर अशा फॉर्मवर एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, तो त्यासाठीच असतो. न सही केलेल्या आयांवर मी पाच वर्षांत कधी रागावले नाही. रागावले ती भलताच फोन नंबर लिहिणाऱ्यांवर. सही केलीत तर नंबर नीट लिहा, आणि तुमचा लिहा. नवरे कामावर असताना फोन उचलत नाहीत.