१७ सप्टेंबरला ‘डी-डे’ म्हणावं का?

परभणीहून एका वाचकाने विचारलं आहे: मराठवाडा मुक्तिसंग्रामावरच्या लेखात १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाला ‘डी-डे’ म्हटलं तर चालेल का? त्यातला ‘डी’ कशाचा? आणि निर्णायक दिवसासाठी इंग्रजीत आणखी कोणते शब्द आहेत?

‘डी’ म्हणजे ‘डे’च. डिसिजन, डूम, डिलिव्हरन्स ही मागाहून चिकटवलेली स्पष्टीकरणं आहेत. मोहीम आखताना तारीख एक तर ठरलेली नसते, नाही तर ती बाहेर फुटू द्यायची नसते. म्हणून हल्ल्याच्या दिवसाला नुसतं ‘डी’ आणि वेळेला ‘एच’ (‘अवर’चं पहिलं अक्षर) म्हणायचं आणि बाकीचं वेळापत्रक त्यावरून मोजायचं. आदला दिवस डी वजा १, हल्ल्यानंतरचा दुसरा दिवस डी अधिक २. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या ७ सप्टेंबर १९१८ च्या, फ्रान्समधल्या सेंट-मिहिएलच्या लढाईआधीच्या हुकमात ही पद्धत दिसते. फ्रेंचमध्येही ‘जूर जी’ (Jour J) म्हणतात, तिथेही J हे ‘जूर’चं, म्हणजे दिवसाचंच अक्षर. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध डी-डेला दोस्त सैन्याला फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचं होतं ५ जून १९४४ ला. हवामान बिघडलं, हल्ला ६ जूनवर गेला. ‘डी’ एक दिवस पुढे सरकला, त्यावरून केलेली मोजणी तशीच राहिली.

म्हणजे डी-डे हा मोहीम सुरू होण्याचा दिवस, संपण्याचा नव्हे. निजामाच्या हैदराबादवरची भारतीय सैन्याची कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य तुकडीने त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. सैनिकी अर्थाने मोजायचं तर १३ तारीख हा डी-डे आणि निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली तो १७ सप्टेंबर डी अधिक ४. रोजच्या इंग्रजीत परीक्षा, मतदान, लग्न अशा आधीपासून ठरलेल्या कुठल्याही मोठ्या दिवसाला डी-डे म्हणतात आणि ते चूक नाही. पण तुमचा लेखच लष्करी कारवाईबद्दल आहे, तिथे वाचक मूळ अर्थच घेणार.

१७ तारखेला ‘रेड-लेटर डे’ म्हणा. जुन्या ख्रिस्ती दिनदर्शिकांत सणांचे दिवस लाल शाईने लिहीत, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे लाल शेरा म्हटलं की नापास आठवतं, त्यामुळे बरेच जण तो संकटाच्या दिवसाला लावतात. अर्थ नेमका उलटा होतो.

निकालाच्या दिवसाला ‘जजमेंट डे’ म्हणतात, पण तो शब्द मुळात कयामतीचा. ‘डूम्सडे’ही तोच: जुन्या इंग्रजीत ‘डूम’ म्हणजे न्यायनिवाडा, आता मात्र त्यातून सर्वनाशच ऐकू येतो. दहावीच्या निकालाला तो लावणं पोरांवर अन्याय आहे. ‘डे ऑफ रेकनिंग’ हा हिशेब चुकता करायचा दिवस. त्यात केल्या कर्माचं फळ हा भाव असतो, म्हणून निरपराध माणसाबद्दल वापरू नये.

कसोटी अजून पुढे असेल, काहीही होऊ शकत असेल, तर ‘मेक-ऑर-ब्रेक डे’ बसतो. मराठीत ‘सोक्षमोक्ष लागायचा दिवस’ किंवा आपल्या बोलीतला ‘फैसल्याचा दिवस’ त्याला पुरून उरतो. ‘मोमेंट ऑफ ट्रूथ’ स्पॅनिश बैलझुंजीतून आला: मातादोर शेवटचा तलवारीचा वार करतो तो क्षण. तो दिवसाला लावू नये, क्षणालाच ठेवावा. ‘क्रिटिकल डे’ला वैद्यकाचा वास आहे, कारण ग्रीक वैद्य आजार ज्या दिवशी उलटतो किंवा उतरतो त्याला निर्णायक मानत. मराठी वाचकाला तर ‘क्रिटिकल’ म्हटलं की दवाखानाच दिसतो.

बातम्यांत सर्रास चुकतो तो शब्द ‘वॉटर्लू’. १८ जून १८१५ ला नेपोलियन तिथे कायमचा हरला. त्यामुळे वॉटर्लू म्हणजे निर्णायक लढत नव्हे, तर पुन्हा उठता येणार नाही असा पराभव, आपलं ‘पानिपत होणं’. मतदानाच्या आदल्या दिवशी ‘उद्या अमक्याचं वॉटर्लू’ असा मथळा दिला, तर तो उमेदवार पडल्याचं आपण आधीच छापून मोकळे होतो.