फाऊल ओळखताना पांढऱ्या चेंडूची चाल बघ

भाऊ, रविवारी धरमपेठेत पूलच्या सामन्याला रेफ्री म्हणून उभा राहशील, तेव्हा आवाजावर निकाल देऊ नकोस. पांढरा आणि समोरचा चेंडू चिकटल्यासारखे असतील, तर फटक्याआधीच वाकून पाहून घे. खरंच चिकटलेले असतील तर दोघांही खेळाडूंना तसं सांग. मधे बारीक फट असेल तर बाजूला, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाच्या रेषेत उभा राहा. सरळ फटक्यात पांढरा चेंडू समोरच्या चेंडूच्या मागोमाग त्याच वेगानं निघाला, तर टोक दोनदा लागलं, फाऊल. पांढरा समोरच्या चेंडूला अगदी निसटता लागला असेल तर गोष्ट वेगळी. पांढरा दोन चेंडूंना एकदमच लागला आणि आधी कोणत्याला ते ठरेना, तर निकाल मारणाऱ्याच्या बाजूनं. प्रेक्षक ओरडतील, ओरडू दे. पण फटका बसल्यावर उभं राहायची जागा शोधत फिरलास, तर खेळाडूवर अन्याय होतो, आणि तो मला सहन होत नाही.