२०१२ची पल्सर १५० इंदूर-पुणे फेरीसाठी ठेवू की नवी घेऊ?

विकायची घाई करू नका. एका रविवारी महेश्वरला जाऊन या, पण जितकं सामान पुण्याला नेणार तितकं लादून, आणि वहिनी मागे बसणार असतील तर त्यांनाही घेऊन. निघण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून ऑइलची पातळी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पुन्हा बघा. एवढ्या एका फेरीत पातळी दिसण्याइतकी उतरली तर इंजिन ऑइल खातंय. मग पैसे नव्या गाडीत घाला.

माझ्या गाडीचं ऑइल जागच्या जागी होतं. मिस्त्री म्हणाला, "भिया, इंजन तो मक्खन है." होतंही. पण मागचा टायर सहा वर्षांचा, कडेला बारीक भेगा, आणि ते मी पोहे-जिलबी खाताना सहज खाली वाकलो तेव्हा दिसलं! टायर, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, ब्रेक शू-पॅड एवढं बदललं की धुळ्यामार्गे जवळपास ६०० किलोमीटर ही गाडी ७०च्या वेगाने निवांत काढते. सेंधव्याच्या बिजासन घाटात ट्रकमागे तिसऱ्या गिअरवर रांगावं लागेल, तेवढं सोसा.

खरी उणीव एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणाऱ्या यंत्रणेची. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते २०१९पासून सक्तीचं आहे, तुमच्यात नाही. पावसाळ्यात वरचेवर जाणार असाल तर तेवढ्यासाठी मी नवी घेईन. वर्षातून दिवाळीलाच जाणार असाल तर नाही. आणि हो, १५ वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं, म्हणजे २०२७.