पॉलिहाऊसमधील काकडी: फवारणीनंतर तोडा कधी करावा?

प्रश्न (मुरबाड व शहापूर तालुक्यांतील काही शेतकरी): पॉलिहाऊसमध्ये उष्णता जास्त असल्याने औषध लवकर उडून जाते आणि तोडा बाहेरच्यापेक्षा लवकर करता येतो, हे खरे आहे का?

उत्तर: नाही. उष्णतेने काही औषधांचे विघटन व बाष्पीभवन वेगाने होते, परंतु पडदे बंद असल्यास ती वाफ आतच कोंडते आणि तिचा काही भाग पुन्हा पानाफळांवर बसतो. शिवाय उघड्या शेतात औषधाचे अंश (फवारणीनंतर पानाफळांवर उरलेले औषध) घटवणारे दोन मोठे घटक येथे कमी पडतात: अतिनील किरणांचा बराचसा भाग पॉलिहाऊसचा कागद अडवतो, आणि बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असताना आतली काकडी कोरडीच राहते.

अंश रोज सारख्या मात्रेने घटत नाहीत. जेवढे उरले असतील त्या प्रमाणात घटतात. एखादे औषध ३ दिवसांत निम्मे होत असेल, तर सहाव्या दिवशी चौथा आणि नवव्या दिवशी आठवा हिस्सा शिल्लक असतो. मात्रा दुप्पट केल्यास त्याच पातळीवर यायला आणखी ३ दिवस लागतात. फळ फुगते तसे प्रति किलो प्रमाणही उतरते, पण फवारणीच्या वेळी तोडणीला आलेल्या फळाला हा लाभ मिळत नाही. म्हणून आधी तोडा, मग फवारणी.

आंतरप्रवाही (झाडात शोषली जाऊन आत पसरणारी) औषधे फळाच्या गरात शिरत असल्याने ती धुऊन निघत नाहीत. विघटन म्हणजे विष संपले असेही नव्हे: डायमेथोएट या कीटकनाशकापासून तयार होणारे ओमेथोएट मूळ औषधापेक्षा अधिक विषारी आहे.

डब्यावर हिरवा त्रिकोण पाहून दुसऱ्याच दिवशी माल वाशीच्या बाजारात पाठवणारेही आढळतात. त्या त्रिकोणाचा रंग तात्काळ विषारीपणा दाखवतो, काढणीशी त्याचा संबंध नाही. लेबलवर काकडीचे नाव व प्रतीक्षा कालावधी (फवारणी ते तोडणी यांमध्ये थांबायचे दिवस) आहे का, ते पाहावे आणि दिलेले दिवस किमान समजावेत.

काकडीचा तोडा एक दिवसाआड चालत असल्याने लांब प्रतीक्षेचे औषध तोडे सुरू होण्यापूर्वीच वापरावे. नंतर पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, कीडरोधक जाळी व निंबोळीयुक्त औषधांवर भर द्यावा. फवारलेल्या ओळीला तारखेची चिठ्ठी बांधावी, कारण तोडणारे मजूर नोंदवही उघडून पाहत नाहीत.