प्रदूषणाचा वक्र आपोआप खाली येतो का?

देश श्रीमंत होत जातो तसे प्रदूषण आधी वाढते आणि पुढे आपोआप घटते, असे तुम्ही एका अर्थशास्त्रज्ञाच्या संशोधनाविषयी वाचले आणि विचारले आहे की, तसे असेल तर भारताने आधी श्रीमंत व्हावे आणि हवा-पाण्याची काळजी मागाहून करावी, हेच योग्य नाही का? मी अर्थशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात जवळजवळ दरवर्षी निघतो. माझे उत्तर असे की, प्रदूषण घटते हे काही प्रदूषकांपुरते खरे आहे, पण ‘आपोआप’ हा शब्द खरा नाही, आणि सगळी गल्लत त्या एका शब्दापाशी होते.

या कल्पनेचे मूळ १९९१ सालच्या एका निबंधात आहे. मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार झाला तर तिथले प्रदूषण बेसुमार वाढेल, अशी भीती तेव्हा अमेरिकेत व्यक्त होत होती. ती कितपत खरी आहे हे तपासण्यासाठी प्रिन्स्टन विद्यापीठातील जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी अनेक देशांतील शहरांच्या हवेच्या नोंदी घेतल्या आणि त्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहिल्या. सल्फर डायऑक्साइड आणि धूर यांची पातळी उत्पन्नाबरोबर काही मर्यादेपर्यंत चढत गेलेली आणि पुढे उतरलेली दिसली. १९९५ साली त्यांनी नद्यांच्या पाण्याच्या नोंदीही अभ्यासात घेतल्या आणि बहुतेक प्रदूषकांचा वळणबिंदू, म्हणजे ज्या उत्पन्नापासून प्रदूषण उतरू लागते ती पातळी, दरडोई ८००० डॉलरच्या आत येतो, असे मांडले. हे डॉलर १९८५ च्या किमतींचे होते. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली उत्पन्नातील विषमतेविषयी असाच चढ-उतार सुचवला होता, म्हणून या आलेखाला पर्यावरणीय कुझनेट्स वक्र म्हणू लागले. स्वतः कुझनेट्स यांचा प्रदूषणाशी काही संबंध नव्हता.

हा वक्र काढतात कसा, हे पाहिले की त्याची मर्यादा लगेच कळते. समीकरणात एका बाजूला प्रदूषण असते, दुसऱ्या बाजूला उत्पन्न आणि उत्पन्नाचा वर्ग. उत्पन्नाचा सहगुणक (त्याला गुणणारा आकडा) धन आणि वर्गाचा ऋण आला की आलेख उलट्या यू अक्षरासारखा दिसतो. आता त्या आलेखावरचे बिंदू कोणते आहेत ते पाहा. डावीकडे गरीब देश, मध्ये मध्यम उत्पन्नाचे, उजवीकडे श्रीमंत. एकच देश डावीकडून उजवीकडे चालत गेलेला आपण पाहिलेला नसतो. वेगवेगळ्या देशांची एकाच सुमाराची छायाचित्रे ओळीने मांडून आपण त्यांचा चित्रपट समजतो. त्यातही जगात सरासरी उत्पन्नाच्या खाली राहणारी माणसे निम्म्याहून पुष्कळ जास्त आहेत, त्यामुळे वळणबिंदू सरासरीच्या आसपास मानला तरी बहुसंख्य लोक अजून चढावरच असतात. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड स्टर्न यांनी या संशोधनाची जी चिकित्सा केली, तिच्यातला हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

बरे, ग्रॉसमन आणि क्रूगर यांनीही ‘आपोआप’ असे कधी म्हटलेले नाही. ही घट अटळ मानण्याचे कारण नाही आणि उत्पन्न व स्वच्छता यांना जोडणारा सर्वांत मजबूत दुवा म्हणजे लोकांच्या मागणीतून येणारे धोरण, असे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. निबंध गाजला, हे वाक्य मागे पडले. इतिहास पाहिला तरी तेच दिसते. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस हलले नाही, सरकारी अंदाजानुसारच सुमारे ४००० माणसे दगावली आणि त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. तोवर ब्रिटन काही गरीब देश नव्हता.

याची उलट बाजू आपल्याच देशात आहे. २००० साली भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा आपले दरडोई उत्पन्न वर्षाला ५०० डॉलरही नव्हते. क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे इथली स्वस्ताई जमेस धरून, मोजले तरी आपण त्या वळणबिंदूच्या बरेच खाली होतो. दिल्लीतील बसगाड्या सीएनजीवर आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे. श्रीमंत होईपर्यंत थांबा, असे तेव्हा ठरले असते तर त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या रक्तात शिसे भरत राहिले असते, आणि ते नुकसान पुढे कितीही उत्पन्न वाढले तरी भरून येत नाही.

ऊर्जेच्या वापरामुळे उत्पन्न वाढते की उत्पन्नामुळे ऊर्जेचा वापर, याविषयीचे संशोधन याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७८ साली क्राफ्ट आणि क्राफ्ट या दोन संशोधकांनी अमेरिकेची १९४७ ते १९७४ ची आकडेवारी तपासून, उत्पन्न वाढते म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो, उलट नव्हे, असा निष्कर्ष काढला. तेव्हापासून देशोदेशी असे शेकडो अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. भारताबद्दलही जुळत नाहीत. त्यांत बहुधा ग्रेंजर यांची चाचणी वापरलेली असते. एका मालिकेच्या मागील आकड्यांवरून दुसरीचा पुढचा आकडा अधिक चांगला सांगता येतो का, एवढेच ती पाहते. दिवाळीच्या आधी दुकानांत आकाशकंदील लागतात, पण आकाशकंदिलांमुळे दिवाळी येत नाही. म्हणून अशा निबंधात ‘कारण’ हा शब्द दिसला की तो आधी-नंतर या अर्थाने वाचावा आणि त्यावरून विजेचे धोरण ठरवू नये.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी आहे. धूर ज्याच्या डोळ्यांत जातो तो तक्रार करतो. कार्बनचा त्रास दूरच्या लोकांना आणि पुढच्या पिढ्यांना होतो, म्हणून स्थानिक मागणीचा तो दुवाच कमजोर पडतो. तरीही ब्रिटनने १९९० च्या तुलनेत आपल्या भूमीवरचे उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आणले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळशावरचे वीज केंद्र बंद केले. बाहेरून आयात होणाऱ्या मालामागचे उत्सर्जन मात्र या हिशेबात येत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

मला स्वतःला या विषयातले सर्वांत उपयोगी संशोधन गुजरातमधले वाटते. तिथे कारखान्यांची प्रदूषण तपासणी खासगी तपासनीस करत आणि त्यांचे शुल्क तोच कारखाना देत असे. धुराड्यातील धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम होती, आणि अहवालांतले आकडे पाहावे तो १५० च्या किंचित खाली गर्दी करून बसलेले! एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत प्रयोग केला. काही कारखान्यांना तपासनीस सोडत काढून दिले, त्यांचे पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही मोजणी पुन्हा करून पाहिली. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. पुढे २०१९ साली सुरतेत धूलिकणांच्या परवान्यांची बाजारपेठ सुरू झाली, म्हणजे एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालून कारखान्यांना परवाने आपसांत विकण्याची मुभा दिली. कोळशाचे बॉयलर चालवणाऱ्या, मुख्यतः कापड उद्योगातल्या, कारखान्यांचे उत्सर्जन तिच्यामुळे २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण माझे बालपण विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात गेले. आई दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायची आणि पांढरा सदरा घराबाहेर कधीच वाळत घालायची नाही. त्या वर्षांत आमच्या भागाचे उत्पन्न वाढतच होते. तपासणीच्या प्रयोगातल्या त्या कारखान्यांत बदलली ती धुराड्याची मोजणी आणि तपासनिसाला पैसे कोण देतो ही व्यवस्था. ते करण्यासाठी गुजरातला कुठल्याही वळणबिंदूची वाट पाहावी लागली नाही.