आईच्या डोक्यातली तार ऐकते म्हणजे काय?

प्रश्न: आईला आठ वर्षं पार्किन्सन्स आहे. गोळीचा असर उतरला की ब्लाउजचे हुक लावायलाच पंधरा मिनिटं जातात. आता डॉक्टर डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून करंट द्यायचं ऑपरेशन, करू म्हणतायत, त्यातही मेंदूचे सिग्नल रेकॉर्ड करणारं मशीन घ्या म्हणाले. आई घाबरलीये, म्हणते माझ्या मनातलं सगळं बाहेर येणार! हे नक्की काय ऐकतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी आईंना सांगा, मनातलं काही कळत नाही, सुनेबद्दलचं तर नाहीच नाही.

तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड, ती मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या छोट्याशा भागात बसवतात. पार्किन्सन्समध्ये तिथल्या पेशी एकगठ्ठा एकाच लयीत चालायला लागतात, सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा, ह्या बीटा लहरी. गोळी लागू पडली की त्यांचा जोर ओसरतो, उतरली की परत चढतो आणि मग ते हुक लागत नाहीत.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे मेंदूचे सर्जन बेनाबिद यांनी १९८७ मध्ये करंटने कंप थांबवून दाखवला, पण पुढे कितीतरी वर्षं घरी गेलेल्या पेशंटची तार फक्त करंट द्यायची. रेकॉर्डिंग करायचं तर ऑपरेशन टेबलावर, नाहीतर तारेचं टोक काही दिवस बाहेर ठेवून, आणि हॉस्पिटलच्या कॉटवरचा माणूस घरच्यासारखा थोडाच वागतो! अडचण अशी की मेंदूचा सिग्नल मायक्रोव्होल्टमधला आणि आपण देणार व्होल्टमध्ये, म्हणजे वरातीत बँडशेजारी उभं राहून कुजबुज ऐकण्यातला प्रकार. मग युक्ती काढली, तारेच्या टोकावर धातूचे छोटे कॉन्टॅक्ट असतात, त्यातल्या करंट देणाऱ्या कॉन्टॅक्टच्या वरचा आणि खालचा असे दोन कॉन्टॅक्ट ऐकायला ठेवायचे, दोघांनाही बँड जवळपास सारखाच ऐकू येतो, तो वजा केला की कुजबुज उरते. असं मशीन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं आणि लहरी बघून करंट आपोआप कमीजास्त करणारी सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये.

घरी फायदा काय, तर गोळी घेतली किंवा पाय अडकला की आईंनी हातातल्या यंत्रावर बटण दाबायचं, त्या वेळची नोंद राहते. नाहीतर डॉक्टर तीन महिन्यांनी विचारतात कसं होतं, आणि आपल्याला गेला मंगळवारही आठवत नाही.

मात्र बीटाचं नातं ताठरपणा आणि मंदपणाशी जास्त, कंपाशी तेवढं नाही, शिवाय काही जणांत ती लहर नीट दिसतच नाही. म्हणून जास्तीचे पैसे भरण्याआधी सरळ विचारा, हे रेकॉर्डिंग उघडून बघणार कोण आणि किती व्हिजिटला. छातीतली बॅटरी चार्जिंगची की बदलायची तेही विचारा, बऱ्याच जणांना ते घरी आल्यावर आठवतं.