दोनदा पेस्ट कंट्रोल करूनही स्वयंपाकघरातली झुरळं जात नाहीत, घरात रांगतं बाळ आहे. काय करावं?

कोपरखैरण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, फवारणी केली की पंधरा दिवस शांतता आणि मग पुन्हा बारकी पिल्लं, असं तुम्ही लिहिलंय. मी नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

आधी झुरळ कुठलं ते बघा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असतील तर ते जर्मन झुरळ. (नावावर जाऊ नका. २०२४ साली आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते मूळचं भारत-म्यानमारकडचं आहे, म्हणजे घरचंच.) नहाणीच्या जाळीतून वर येणारं मोठं, लालसर झुरळ वेगळं, त्याचा मुक्काम गटारात असतो. त्याच्यासाठी जाळीवर बंद होणारं झाकण बसवलं की बरंचसं काम होतं. बाळ असताना डांबरगोळ्या मात्र अजिबात नकोत.

तुमच्याकडे बहुतेक जर्मनच असणार. याची मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे लटकवून फिरते आणि पिल्लं निघायच्या जेमतेम आधी खाली टाकते. एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. फवाऱ्याचं औषध त्या पिशवीच्या आत पोचत नाही. वर फवाऱ्याने उरलेली झुरळं बिथरून बेडरूममध्ये नाहीतर शेजारच्या घरात पांगतात. तुमच्या पंधरा दिवसांचं गणित हे असं आहे.

यावर उपाय जेलचा. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेलं जेल सिरिंजमध्ये मिळतं. झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही, आपल्या फटीत जाऊन मरतं. मग त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खाऊन बाकीचीही मरतात. किळसवाणं आहे, पण आपल्या फायद्याचं. एकच पथ्य: जेल लावलं की त्या भागात स्प्रे, खडू, फिनेल काही नको. त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि पैसे फुकट जातात.

लावायचं कुठे, हे खरं महत्त्वाचं. रात्री ओटा आवरून दिवे बंद करा आणि अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन जा. ट्रॉलीच्या बिजागऱ्या आणि चॅनल, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरचा तळ, गॅसच्या पाइपचं भोक, सगळं बघा. चहाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतील तिथे वस्ती आहे असं समजा. आमच्याकडे सगळ्यात मोठा अड्डा वॉटर प्युरिफायरच्या मागच्या झाकणात निघाला. ऊब, अंधार आणि थेंब-थेंब पाणी, त्यांना आणखी काय हवं! भिंतीवरून तो उतरवल्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

दोन-तीन मिलिमीटरचे बारीक ठिपके भरपूर ठिकाणी द्या, एकाच जागी गोळा नको. बाळासाठी म्हणून ठिपके बिजागरीच्या आतल्या बाजूला आणि त्याचा हात पोचणार नाही तिथेच, भांडी-धान्यापासून लांब. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावा, कारण तोवर राहिलेल्या पिशव्यांतून पिल्लं निघालेली असतात.

सिंक रात्री कोरडं पुसून ठेवा. जेवणाशिवाय ही झुरळं बरेच दिवस काढतात, पाण्याशिवाय तेवढी तग धरत नाहीत. ऑनलाइन सामानाची खोकी घरात साठवू नका, आणि एपीएमसीतून कांदे-बटाटे आणले तर गोणी गॅलरीतच रिकामी करा.

तमालपत्र, लवंगा, काकडीची सालं यांच्या भरवशावर राहू नका. बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या हळूहळू काम करतात, पण रांगत्या बाळाच्या घरात जमिनीवर तसलं काही ठेवणं मला तरी पटत नाही.

एवढं करूनही येत राहिली तर रस्ता डक्टमधून, म्हणजे बिल्डिंगचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतून आहे. ओट्याखाली पाइप भिंतीत शिरतो तिथली भोकं व्हाइट सिमेंटने बुजवून घ्या. घरमालकाला सांगा, किरकोळ खर्च आहे. आणि वरच्या-खालच्या घरांना त्याच आठवड्यात जेल लावायला राजी करा. हे काम तेवढं सेक्रेटरीवर न सोपवता स्वतः जाऊन बोललेलं बरं, नाहीतर विषय सोसायटीच्या पुढच्या एजीएमपर्यंत (वार्षिक सभेपर्यंत) लोंबकळत राहील.